वास येते का?

सिंगापूर, मे महिन्याची अखेर

तीर्थरूप नाना आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

या खेपेचं पत्र वार्ताहराकडून येत आहे. मागचं पत्र चिरंजीवांनी लिहिलं, त्यात घरातली सगळी झाडं त्यांनीच जगवली होती. त्याआधीचं सूनबाईंनी लिहिलं, त्यात ती सगळी चिरंजीवांनीच मारली होती. दोन्ही वाचून नानांनी फोनवर विचारलं होतं, "तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना बाप्पा?" तेव्हापासून घरात ठराव झाला आहे, की बातम्या तिऱ्हाइतानं कळवायच्या. वार्ताहर कोण हे उघड करायचं नाही. आईंनी अक्षरावरून ओळखायचा प्रयत्न करू नये, पत्र मुद्दाम टाइप केलं आहे.

मुख्य बातमी: घरात वास सुटला आहे.

याला कारण नानाच. दिवाळीत चिरंजीवांच्या ऑफिसातून ऑर्किडची कुंडी भेट आली होती. एकाच दांड्यावर ओळीनं पांढरीशुभ्र फुलं, फॅलेनॉप्सिस जातीची. व्हिडिओ कॉलवर ती वर्ध्याला दाखवण्यात आली. आईंनी कौतुक केलं, शेजारच्या काकूंनी केलं, आणि नानांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं, "वास येते का?" चिरंजीवांनी नाक लावलं. सूनबाईंनी लावलं. नातीनं तर पाकळीला नाक घासलं. काही नाही. "मंग कायचं फूल बाप्पा थे?" असं म्हणून नाना फोन घेऊन थेट अंगणात गेले आणि रामनगरातला रिकामा, न फुललेला मोगरा दाखवत उभे राहिले. दिवाळीत मोगऱ्यालाही वास नव्हता, पण ते बोलायची कुणाची छाती झाली नाही.

नानांचा प्रश्न मात्र बिनचूक होता. बाजारात दिसणारी ही मोठाली फॅलेनॉप्सिस पिढ्यान् पिढ्या आकार, रंग आणि टिकाऊपणा पाहून निवडत आणलेली आहेत. फूल दोन-दोन महिने टिकतं, खोक्यात बंद होऊन तैवानहून किंवा हॉलंडहून कुठंही पोचतं. या निवडीत नाकाला कुणी विचारलं नाही, म्हणून वास गळून गेला. बोर्निओच्या रानातल्या त्यांच्या चुलत बहिणीकडे, फॅलेनॉप्सिस बेलिनाकडे, तो अजून शाबूत आहे. फूल छोटं, कडा हिरवट, मध्यभाग गडद जांभळा आणि वास लिंबाच्या अंगाचा, गोडसर. नानांच्या प्रश्नानंतर या घरात आलेलं पहिलं वासाचं ऑर्किड ते. मग एकामागून एक येत गेली.

घर सोळाव्या मजल्यावर आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. इथल्या सरकारी वसाहतीत दाराबाहेरचा व्हरांडा सगळ्यांचा असतो आणि आगीच्या वेळी अडचण नको म्हणून त्यात १.२ मीटर वाट मोकळी ठेवावी लागते. चिरंजीवांनी टेप लावून ती वाट मोजली आहे. उरलेल्या जागेत भिंतीला आडवा बांबू, बांबूला लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या, टोपल्यांत कोळसा आणि विटांचे तुकडे, आणि त्यात एकेक पाहुणी. माती अजिबात नाही. हे ऐकून नाना म्हणतील, की मातीवाचून जगणारं झाड हे झाड नव्हे. पण ही मंडळी मूळची झाडांच्या फांद्यांवर राहणारी. मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं, ते पावसाचं आणि दवाचं पाणी टिपून घेतं. कोरडं मूळ रुपेरी दिसतं, भिजलं की बघता बघता हिरवं होतं. पाणी कधी घालायचं हे मूळच सांगतं, फक्त बघायला हवं.

इथंच संसारात ठिणगी पडते. चिरंजीव कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू घरातले. पाणी मिळालं की घालून टाकायचं, उद्याचं कुणी पाहिलं, असा तो स्वभाव. सूनबाई रत्नागिरीच्या, चार महिने धो धो पाऊस बघितलेल्या, त्यांना पाण्याचं अप्रूप नाही. घरी वाढवलेली ऑर्किडं तहानेनं कमी आणि मुळं कुजून जास्त मरतात, ही जगभरची गोष्ट आहे. तेव्हा पाण्याची झारी आता सूनबाईंच्या ताब्यात असून चिरंजीवांकडे खत आहे, तेही अगदी पातळ करून. कुंडीखाली ताटली ठेवायला तर सक्त मनाई. साचल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि इथले तपासनीस दार वाजवून घरातल्या ताटल्या उचलून बघतात. दंडाची रक्कम रुपयांत सांगितली तर आईंना घेरी येईल.

आता वासांची हकीकत.

पहिली गोष्ट अशी, की ऑर्किडचा वास चोवीस तास चालू नसतो. ज्या किड्याला बोलवायचं, तो ज्या वेळी हिंडतो त्या वेळीच फूल दुकान उघडतं. त्यामुळे या घरात कोणाच्या वाट्याला कोणता वास हे ज्याच्या त्याच्या कामाच्या वेळेवर ठरलं आहे. चिरंजीव रात्री उशिरा परततात, त्यांच्या नशिबी ब्रासावोला नोडोसा. मध्य अमेरिकेतलं हे झाड, सळईसारखी जाड पानं, पांढरी टोकदार फुलं. दिवसा नाक आपटलं तरी काही नाही, आणि अंधार पडला की लिंबाचा आणि कुठल्याशा पांढऱ्या फुलाचा असा मिसळलेला वास जिन्यापर्यंत येतो. रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी ही सगळी तयारी. आपल्याकडे असल्या झाडाला रातराणी म्हणून मान दिला असता. इंग्रजीत याला जे नाव आहे ते आईंना सांगण्याजोगं नाही.

नात दुपारी शाळेतून येते, तिला ऑन्सिडियम शॅरी बेबी. १९८३ साली नोंदवलेला हा संकर. तपकिरी-लाल, नखाएवढी फुलं, एका दांड्यावर ढीगभर, आणि वास चक्क चॉकलेटचा. त्यात खाण्यासारखं काही नाही, हे नातीनं एक फूल चावून पक्कं करून घेतलं आहे. सूनबाई घरून काम करतात, त्यांनी मॅक्सिलारिया टेनुइफोलिया आणली आहे. गवतासारख्या पानांत दडलेली तांबडी फुलं आणि ताज्या नारळाचा वास. ते फुललं की सूनबाई लॅपटॉप घेऊन दाराशी बसतात आणि उकडीच्या मोदकांचा विषय काढतात. वार्ताहर तटस्थ आहे, पण विदर्भाच्या बाजूनं एवढं नमूद करतो, की संत्र्याच्या बागेला फुलोरा येतो तेव्हा आर्वी-कारंज्याच्या रस्त्यावर जो वास असतो, त्याची कुंडी अजून जगात कुणी विकायला काढलेली नाही.

शेजारच्या चिनी आजींना हे सगळं उथळ वाटतं. इथं वडीलधाऱ्या बाईला सगळे आंटी म्हणतात, म्हणून आपणही आंटीच म्हणू. त्यांच्या दाराशी सिंबिडियमची एकच कुंडी आहे. लांब बारीक पानं, फिकट हिरवी फुलं, चटकन नजरेतही भरत नाहीत. चिनी रसिकांनी शेकडो वर्षं या फुलांची पारख केली ती रंगावरून नव्हे, तर वासावरून आणि पानाच्या वळणावरून. आंटींचा नियम असा, की फुलाच्या जवळ जाऊन हुंगायचं नाही. खुर्ची टाकून बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, वास आपणहून येतो. चिरंजीवांनी हा प्रयोग केला. वास आला की नाही ते कळलं नाही, पण आंटींच्या तिन्ही सुनांची कुंडली कळली.

चिरंजीव तसे हुंगण्याच्या बाबतीत फार उतावळे आहेत. इथल्या एका झाडांच्या प्रदर्शनात हातभर लांब पानांखाली तांबड्या, केसाळ फुलांचा झुबका दिसला. सूनबाई पाटी वाचत होत्या, तोवर चिरंजीवांनी नाक आत घातलंसुद्धा. ते बल्बोफायलम फॅलेनॉप्सिस होतं, मूळ न्यू गिनीचं. याला परागीकरणासाठी माश्या लागतात, मधमाश्या नव्हेत, साध्या माश्या. म्हणून ते सडक्या मांसाचा वास सोडतं. चिरंजीव त्या संध्याकाळी जेवले नाहीत. ऑर्किडांच्या पंचवीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक अशा, की त्यांना माणसाच्या नाकाशी काही देणंघेणं नाही.

नाकाचा हिशेब किती लांबपर्यंत जातो पाहा. मादागास्करमध्ये अँग्रेकम सेस्क्विपेडाले नावाचं ऑर्किड आहे, पांढरं, चांदणीच्या आकाराचं, रात्री दरवळणारं. फुलाच्या मागे जवळजवळ तीस सेंटीमीटर लांब नळी आणि मध तिच्या अगदी तळाशी. १८६२ साली डार्विनकडे ही फुलं आली, तेव्हा त्यानं लिहून टाकलं, की तेवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथं असलाच पाहिजे. लोक हसले. १९०३ मध्ये तसल्या पतंगाची रीतसर नोंद झाली. तोवर डार्विनला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. अमेरिकेच्या उष्ण रानांत याहून मजा आहे. तिथल्या स्टॅनहोपिया, गोंगोरा वगैरे ऑर्किडांत मध नसतोच, नुसता वास. काही जातींच्या नर मधमाश्या तो वास फुलावरून खरवडून मागच्या पायांतल्या पोकळीत भरून घेतात आणि मादीला भुलवायला वापरतात. म्हणजे नवरदेवानं गावोगाव हिंडून स्वतःच अत्तर जमवायचं, आणि त्या हिंडण्यात फुलांची सोयरीक जुळवून द्यायची. स्टॅनहोपियाची फुलं टोपलीच्या बुडातून खाली लटकतात आणि दोन-तीन दिवसांत संपतात. तेवढ्यासाठी वर्षभर टोपली सांभाळायची चिकाटी या घरात नाही, म्हणून ती आणलेली नाही.

सिंगापुरातला सगळ्यात सुरेख वास मात्र फुकट आहे. रस्त्याच्या कडेच्या पर्जन्यवृक्षांवर डेंड्रोबियम क्रुमेनाटम हे ऑर्किड आपलं आपण वाढतं. इथले लोक त्याला कबुतराचं ऑर्किड म्हणतात. एरवी तिकडे कुणी बघतही नाही, वाळक्या काड्यांचं जाळं. कळ्या तयार होतात आणि अर्ध्यावर थांबून राहतात. मग एखाद्या दुपारी मुसळधार पाऊस येतो, हवा एकाएकी पाच-सहा अंशांनी उतरते, आणि कळ्यांची दिवसगणती सुरू होते. बरोबर नवव्या दिवशी पहाटे त्या भागातली सगळी झाडं एकदम फुलतात. एका झाडावरची नव्हे, सगळ्या रस्त्यावरची. संध्याकाळपर्यंत फुलं मिटलेली.

मार्चमधल्या एका जोराच्या सरीनंतर नातीनं कॅलेंडरवर नवव्या दिवसाला गोल केला. चिरंजीव म्हणाले, हवामान खात्याला जमत नाही ते झाडाला काय जमणार. त्या दिवशी सकाळी साडेसहाला, अजून उजाडलेलंही नव्हतं, तिघंही खाली गेले. शाळेच्या बसथांब्यावरचा पर्जन्यवृक्ष वरपासून खालपर्यंत पांढरा झाला होता. लहान, पातळ पाकळ्यांची फुलं, कंठाशी पिवळा डाग, एका फांदीवर इतकी की साल दिसेना. वास गोड, हलका, वाऱ्याची झुळूक आली की येणारा आणि पडली की नाहीसा होणारा. बसची वाट बघणारी पोरं मोबाइलात होती. रस्ता झाडणारे एक बांगलादेशी काका तेवढे खराटा टेकवून वर बघत उभे होते. नातीनं त्यांनाही नऊ दिवसांचं गणित समजावून सांगितलं. शाळेची बस तिनं चुकवली, हे सूनबाईंच्या मते या पत्रात घालायची गरज नव्हती. वार्ताहर तटस्थ आहे.

एकाच दिवशी फुलण्यामागचा हिशेब सोपा. फुलाचं आयुष्य एका दिवसाचं, आणि बिया धरायच्या तर दुसऱ्या झाडाचे पराग हवेत. सगळ्यांनी एकाच मुहूर्तावर फुलायचं आणि मुहूर्त पावसानं काढून द्यायचा. मृगाकडे डोळे लावून पेरणी करणाऱ्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आई मागे म्हणाल्या होत्या, की ऑर्किड हे मोठ्या लोकांचं खूळ. तर आईंनी ते आयुष्यभर खाल्लं आहे. उन्हाळ्यात त्या जे व्हॅनिला आइस्क्रीम मागवतात, त्यातली व्हॅनिला ही ऑर्किडची वेल आहे, मूळची मेक्सिकोची. तिचं फूल एका सकाळपुरतं उघडतं. मेक्सिकोबाहेर वेल नेली तर ती वाढायची, फुलायची, पण शेंग धरायची नाही. १८४१ साली रीयुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं बारीक काडी आणि अंगठा एवढ्या साधनांवर ते परागीकरण हातानं करून दाखवलं. आजही मळ्यांमध्ये फूल न् फूल तसंच हातानं फळवतात. मुलाला त्यातून काही मिळालं नाही, तो गरिबीतच गेला. आणि शेंग ताजी असताना तिला जवळजवळ वास नसतो, महिनोन् महिने घाम आणून, वाळवून तो चढतो. वर्ध्याच्या आइस्क्रीममध्ये खरी व्हॅनिला किती आणि कारखान्यातला अर्क किती, हा प्रश्न वार्ताहर इथं उपस्थित करत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र घाईनं लिहिलं, त्या विषयाकडे.

सूनबाईंच्या वाढदिवसाला चिरंजीवांनी वांडा मिमी पामर आणली. सिंगापूरला ऑर्किडांचं वेड जुनं आहे. १८९३ मध्ये अ‍ॅग्नेस जोआकिम या आर्मेनियन बाईंच्या नावाचा इथला पहिला संकर जाहीर झाला आणि १९८१ पासून तो देशाचं राष्ट्रीय फूल आहे. १९२८ पासून इथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये होल्टम साहेबांनी बाटलीत बी रुजवून संकर करायचा सपाटा लावला. या सगळ्या संकरांची लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे जन्मनोंद होते, आईबापांच्या नावासकट. मिमी पामर १९६३ ची. फुलं जांभळट-तपकिरी, फार मोठी नाहीत, पण दिवसाउजेडी असा दरवळ, की २००२ साली मलेशियात भरलेल्या जागतिक ऑर्किड परिषदेत हिला उत्तम सुगंधाचं बक्षीस मिळालं. मलेशियातल्या संशोधकांनी तिचा वास यंत्रात घालून तपासला, तेव्हा त्यात बेंझिल अ‍ॅसिटेट हाती लागलं, जे आपल्या मोगऱ्याच्या वासातही असतं. नानांचं नाक कुठं अडून बसतं, हे त्या यंत्रालाही कळलं म्हणायचं.

किंमत सूनबाईंना सांगितलेली नाही. पत्रातही देत नाही.

तर या मिमीबाईंची जन्मनोंद चिरंजीवांनी काढली. एका बाजूला वांडा तान चाय यान, हा १९५४ मध्ये लंडनच्या चेल्सी प्रदर्शनात गाजलेला सिंगापुरी संकर. आणि दुसऱ्या बाजूला वांडा टेसेलाटा. चिरंजीवांना वाटलं, असेल कुठली तरी दुर्मीळ परदेशी जात. पुस्तकात पाहिलं, तर ती आपली रास्ना. भारत, श्रीलंका, म्यानमार असा सगळा मुलूख, आणि मध्य भारताच्या पानगळीच्या रानातली मोह-आंब्यावरची नेहमीची रहिवासी. रॉक्सबर्ग साहेबानं १७९५ मध्ये हिचं वर्णन छापलं आणि पुढे अख्ख्या वांडा घराण्याची स्थापना झाली ती हिच्याच नावावर. म्हणजे थायलंड, सिंगापूर, हवाई, जिथं जिथं वांडा म्हणून फुलं विकली जातात, त्या सगळ्यांच्या नावाची मूळपुरुष ही.

हे कळलं त्याच आठवड्यात नानांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. सेलूच्या वावरातला, धुऱ्यावरचा आंबा. खाली ओळ: "बांडगूळ लय झालं. मिरगाच्या आधी सालदाराकडून तोडून घेतो." चिरंजीवांनी अंगठा दाखवला आणि झोपले. सूनबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. उजव्या हाताच्या आडव्या फांदीवर, दुबेळक्याशी, दोन रांगांत पट्ट्यासारखी जाड पानं, सालीला घट्ट धरलेली पांढरट मुळं, आणि मधून निघालेल्या दांड्यावर पाच-सहा फुलं. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकटीची नक्षी, ओठ निळा-जांभळा. रात्री एक वाजता चिरंजीवांना उठवण्यात आलं. आपल्याकडे तेव्हा साडेदहाच झाले होते, पण नाना झोपले होते आणि आईंनी फोन बंद ठेवला होता. म्हणून हे पत्र.

नाना, कृपा करून सालदाराला सांगा, की कोयता चालवायच्या आधी दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. खरं बांडगूळ फांदीच्या आतून फुटून आल्यासारखं दिसतं, जोडाच्या जागी गाठ असते, फुलं नळीसारखी, नारंगी-तांबडी. ते आंब्याचा रस पितं, त्याची चिकट बी फुलटोच्या पक्षी फांदीफांदीला पुसत जातो. ते खुशाल तोडा, गाठीच्या खालून फांदीसकट तोडा, नाहीतर पुन्हा फुटतं. रास्नेची मुळं मात्र सालीच्या वरच असतात. ती आंब्याचं काही घेत नाही, फक्त त्याच्या अंगावर राहते. मुळावर चूळभर पाणी टाकून पाहा, रंग हिरवट झाला तर ती आपली. ४६ अंशांच्या उन्हात, पावसाचा टिपूस नसताना, ती वर्षानुवर्षं त्या फांदीवर तग धरून आहे. जाड पानं दिवसा तोंड मिटून घेतात आणि रात्री गारव्यात श्वास घेतात, म्हणून जमतं. इथं हवा एवढी दमट असूनही मिमीबाईंचे सकाळ-संध्याकाळ लाड करावे लागतात.

आणि ती पुन्हा उगवेल, या भरवशावर राहू नका. ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारख्या लाखो बिया असतात, पण बीजात शिदोरी नसते. योग्य बुरशी भेटली तरच त्यातली एखादी रुजते. १९२२ मध्ये नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं साखर घातलेल्या जेलीवर बाटलीत बिया रुजवून दाखवल्या, म्हणून आज दुकानात ऑर्किडं मिळतात. धुऱ्यावर तशी बाटली नाही. फुलण्याजोगं रोप व्हायला तिथं कित्येक वर्षं जातात.

दुसरी भीती वैद्यकाकांची. काही भागांत हिच्या मुळ्या रास्ना म्हणून वातावर देतात. नानांच्या गुडघ्यांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, पण रास्ना या नावानं बाजारात निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. गुडघ्यासाठी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करावा.

सूनबाईंचं म्हणणं, कोकणातल्या आंब्यांवर सीतेची वेणी असते, पांढऱ्या-गुलाबी फुलांचा हातभर घोस, वास मंद, आणि आसाममध्ये बिहूच्या नाचात मुली तीच अंबाड्यात माळतात. तेव्हा रास्ना काही जगात एकटी नव्हे. हे खरं आहे. पण सीतेची वेणी सेलूच्या धुऱ्यावर नाही आणि रास्ना आहे, एवढा मुद्दा चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर तीनदा मांडला. वार्ताहर या वेळी तटस्थ राहिलेला नाही.

नानांना अंगणातही वासाचं ऑर्किड हवं असेल, तर रानातून काढून आणू नये. रोपवाटिकेतून वांडाचं किंवा सीतेच्या वेणीचं वाढवलेलं रोप घ्यावं, कडुनिंबाच्या सावलीत टोपलीत टांगावं. वर्ध्याच्या उन्हाळ्यात त्याला उन्हाहून कोरड्या हवेचा त्रास जास्त, म्हणून कूलरच्या ताटीला पाणी सोडाल तेव्हा त्यालाही दोनदा फवारा द्यावा. बोअरच्या जड पाण्यानं मुळांवर पांढरा थर बसतो, त्यापेक्षा पावसाचं साठवलेलं पाणी बरं. बेलिनाच्या नादी लागू नका, तिला मे महिना सोसणार नाही. ब्रासावोला सावलीत कदाचित निभावून नेईल. आणि वाळ्याची ताटी भिजल्यावर घरभर जो वास सुटतो, तो इथं कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे चिरंजीवांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

कळावे, लोभ आहेच, वाढावा ही विनंती.
आपला नम्र,
वार्ताहर

ता. क. १: पोळ्यानंतर आपण इकडे येणार आहात. नानांच्या डोक्यात रास्नेचं एक रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा विचार आला असेल, तर तो तिथंच सोडावा. जगातली सगळी ऑर्किडं साइटिस करारात येतात, परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाहीत, आणि विमानतळावर "पोराच्या घरी नेतोय" हे कारण चालत नाही. फोटो आणा. फुलाशेजारी पट्टी धरून काढलेला असावा, आंटींना मापासकट दाखवायचा आहे.

ता. क. २: नातीनं विचारलं आहे, की धुऱ्यावरच्या रास्नेला वास कधी येतो, सकाळी का दुपारी. तिला वहीत लिहायचं आहे. नानांनी शिडी लावू नये, सालदाराला चढवावं.

ता. क. ३: वायगावची हळद अर्धा किलो आणि गोरसपाकाचे दोन डबे आणावेत. डबे मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवले तर नानांच्या शेजारच्या सीटवरच्या माणसाशी ओळख होते आणि वाटेतच एक डबा संपतो.